स्तामेनच्या उरलेल्या गोळ्या

सुहा चेश्मा,
१२ मार्च १९९८

नेदा,

तुझी तार मिळाली. इलिया तापानं फणफणलाय, नवऱ्याला तसं टाकून तुला बुर्गासहून निघता आलं नाही, हे कळलं. आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं, ते सध्या नाही. लोक येतात, मी दार उघडते, ते रडतात, मी त्यांना पाणी देते. शेजारची गेनाआजी परवा म्हणाली, पोरी, एकदा मोकळी हो, नाहीतर आतल्या आत कुजशील. मी हो म्हटलं आणि बटाटे सोलायला बसले.

स्तामेन दोन तारखेला गेला, सोमवारी. आदल्या दिवशी मार्चची पहिली तारीख, म्हणून सकाळीच त्यानं माझ्या मनगटाला लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा बांधली. दरवर्षीसारखी सुटता सुटणार नाही अशी गाठ मारली आणि म्हणाला, करकोचा दिसला की सोड, त्याआधी सोडशील तर बघ. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कसंतरी होतंय म्हणाला. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं. शांतपणे गेला, त्रास झाला नाही.

कूम लाझार शेवटपर्यंत उशाशी होते. पोटातला जुना व्रण फुटला असणार, असं त्यांनी कागदावर लिहिलं. छत्तीस वर्षांपूर्वी ते आमच्या लग्नाला कूम म्हणून साक्षीला उभे राहिले, लेकीचं, मिग्लेनाचं नाव त्यांनी ठेवलं, गावाचे डॉक्टर म्हणून आमची सगळी दुखणीखुपणी त्यांनीच काढली. आणि डोळे मिटायलाही तेच आले. दफनानंतर सोफियाला परत जाताना मिग्लेना त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या नाही.

शोकपत्रकं छापून आणली. फाटकावर, चर्चच्या भिंतीवर, दवाखान्याच्या दारावर आणि बसथांब्याच्या अक्रोडाला लावली. फोटो ओळखपत्रावरचा आहे, त्यात तो विजेचं बिल बघितल्यासारखा दिसतो. दुसरा फोटो शोधायला हवा होता, पण कपाट उघडायचं जिवावर आलं.

एकच गोष्ट डोक्यात फिरत राहते. त्याच्या गोळ्या रोज मीच त्याच्या हातावर ठेवायची. काही चुकलं तर नसेल ना माझ्या हातून? कुणाला विचारू ते कळत नाही, म्हणून तुला लिहिते. तू काही त्यातली जाणकार नाहीस, पण बहीण आहेस.

स्तोयना


बुर्गास,
२१ मार्च १९९८

अक्का,

आधी तुझ्या प्रश्नाचं. मूर्खासारखं काही डोक्यात घेऊ नकोस. तू ज्या माणसाचे मोजेसुद्धा इस्त्री करायचीस, त्याच्या गोळ्यांत तू चूक करशील? डॉक्टर घरातलाच, कूमच, आणि ते म्हणतात व्रण, तर व्रण. पुरे झालं.

आता माझं पाप सांगते. इलियाला ताप बिप काही नव्हता. तो ठणठणीत आहे, घोड्यासारखा खातोय. मीच दवाखान्यात होते. तुझी तार आली त्याच्या आदल्या दिवशी जिना चढताना माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की चौथ्या मजल्याऐवजी तिसऱ्यावरच बसले, शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या पायपुसण्यावर. तीन दिवस ठेवून घेतलं. हृदयाचे ठोके चुकतात म्हणे. आता रोज संध्याकाळी एक छोटी पांढरी गोळी आहे, रक्त पातळ ठेवायची, म्हणजे आत गाठ होत नाही. महिन्यातून एकदा रक्त काढून बघतात. बाकी काही नाही, काळजी करू नकोस. तुझ्यावर आभाळ कोसळलेलं, त्यात मी कुठे माझं हृदय घेऊन येऊ, म्हणून इलियाला खोटी तार करायला लावली. आता शिव्या घाल. घातल्यास तर बरंच वाटेल मला, तुझ्या त्या सपाट पत्रानं मी घाबरून गेले.

हृदयापेक्षा गुडघे जास्त छळतात. आमच्या इमारतीची लिफ्ट नाताळापासून बंद आहे. मी भाजी घेऊन येते तेव्हा प्रत्येक मजल्यावर एकेका देवाचं नाव घेते, चौथ्यावर पोचेपर्यंत देव संपतात. स्तामेनचे गुडघेही असेच दुखायचे ना? शरदात आलो होतो तेव्हा द्राक्षांच्या टोपल्या उचलताना मला म्हणाला होता, नेदे, आपण दोघं एकाच कारखान्यातले, एकाच वर्षी बिघडलो. अजून हसू येतं आणि मग येत नाही.

मार्तेनित्सा सोडलीस का? इकडे करकोचे आले.

तुझी नेदा


सुहा चेश्मा,
१४ एप्रिल १९९८

नेदा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. डोळ्यांखालून गेलं, आत उतरलं नाही. सगळंच तसं होतंय. परवा मी चुलीवर सूप ठेवलं आणि त्यात पाणी घालायचंच विसरले. तुझी तब्येत बरी नव्हती एवढं कळलं आणि गुडघ्यांचं लक्षात राहिलं. कुत्र्याच्या पायपुसण्याचं ऐकून गेनाआजी हसली, मी तिला वाचून दाखवत होते.

दहा तारखेला चाळीस दिवस झाले. गहू उकडले, साखर आणि अक्रोड घालून थडग्यावर नेले, पोगाचा पाव भाजला, लोकांना वाटला. मग त्याच्या वस्तू वाटल्या. कोट मेंढपाळाला दिला, बूट चर्चमधल्या घंटेवाल्याला, द्राक्षवेली छाटायची कात्री कूम लाझारना. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. मी बघत होते आणि मला वाटत होतं, मी कुठल्या तरी दुसऱ्या घरातलं बघतेय.

गोळ्याही वाटायच्या असतातच. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात औषधं मिळतच नव्हती, तेव्हापासून गावात कुणी गेलं की औषधांची पिशवी घरोघर फिरते. जे ज्याला लागेल ते त्याने घ्यावं, मेलेल्याच्या आत्म्याला तेवढाच दुवा. रक्तदाबाच्या गोळ्या गेनाआजीनं नेल्या, तिला तशाच आहेत. खोकल्याचं औषध शाळेतल्या बाईंनी. गुडघ्याच्या गोळ्या मात्र तुझ्यासाठी ठेवल्या. दोन भरलेली पाकिटं आहेत आणि एक अर्धं, नारिंगी रंगाच्या. बसच्या ड्रायव्हरकडे दिल्यात, तो बुर्गासच्या गाडीवाल्याकडे देईल. दिवसातून दोन, जेवल्यावर. फेब्रुवारीत द्राक्षवेली छाटायच्या सणाला स्तामेनला मळ्यातून उठताच येईना, तेव्हा कूमनी दिल्या. दहा दिवसांत असा चालायला लागला की मी म्हटलं, आता लग्नात नाचायला हवं. तो म्हणाला, कुणाच्या, तुझ्या? ते त्याचं शेवटचं चांगलं बोलणं. म्हणून त्या गोळ्या तुला.

त्याच्या हृदयाच्या पांढऱ्या गोळ्या होत्या, त्या कुणालाच दिल्या नाहीत. द्यायच्या तर कूमना कळलं असतं. तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. नोव्हेंबरात स्तामेन शहरात बाजारात चक्कर येऊन पडला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवला आणि या गोळ्या लावून दिल्या, महिन्याला रक्त दाखवायला यायचं म्हणून. दर महिन्याला आम्ही बाजाराला जातो सांगून जायचो. कूमना त्यानं कळूच दिलं नाही. छत्तीस वर्षं एकाच माणसाच्या हातून सुई घेतलेली. त्याला वाटायचं, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो हे कळलं तर लाझार तोंडानं काही बोलणार नाही, पण आमच्या टेबलावर पूर्वीसारखा कोपर टेकून बसणारही नाही. मलाही तसंच वाटायचं. कूमला दुखवून गावात राहता येत नाही. म्हणून ती पाकिटं मी पिठाच्या डब्यामागे ठेवायची, आणि अजून तिथेच आहेत.

प्लमचं झाड फुललं म्हणे. गेनाआजीनं दाखवलं. मार्तेनित्सा हातातच आहे, सोडायचं सुचत नाही.

स्तोयना


बुर्गास,
२८ एप्रिल १९९८

अक्का,

गोळ्या मिळाल्या. सोबत तू अक्रोडही घातलेस, ते इलियानं जिन्यातच संपवले.

काय सांगू तुला! सोळा तारखेपासून घेतेय आणि आठ दिवसांत फरक पडला. काल भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत एकदाच थांबले. इलिया म्हणतो, तुला जत्रेत विकायला काढली तर चांगला भाव येईल. स्तामेनला रोज दोन वेळा दुवा देते, सकाळच्या गोळीला एक आणि रात्रीच्या गोळीला एक.

तो माझ्यासारखीच पांढरी गोळी घ्यायचा, हे वाचून गंमत वाटली. म्हणजे खरंच एकाच कारखान्यातले. आता मी हुबेहूब त्याच्यासारखी, एक गोळी हृदयाची आणि दुसरी गुडघ्याची. कूमपासून लपवलं ते ठीकच केलंत. मी तरी इथल्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या गोळ्यांचं कुठे सांगितलंय? त्या चिठ्ठीशिवाय कुणी काही घेतलं की अशा बघतात, जसं काही आपण त्यांच्या पाकिटातून चोरलं.

थोडी म्हातारी मात्र व्हायला लागलेय. दंडावर नि मांडीवर निळे डाग उठतात. कशाला आपटले ते आठवतही नाही. काल मासळीवाली माझ्या हाताकडे बघून इलियाकडे अशी बघायला लागली की बिचारा लालेलाल झाला. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, नवा मऊ ब्रश घेतला. वय झालं, दुसरं काय.

अक्का, तू रडलीस का गं एकदा तरी? मिग्लेनाचा फोन आला होता, ती म्हणते आई दगड झालीय. मी तिला म्हटलं, तुझी आई लहानपणीही अशीच होती. पडली की आधी झगा झटकायची, आणि रडायची दोन दिवसांनी, भलत्याच गोष्टीवर.

तुझी नेदा


शहर, मुख्य पोस्ट,
५ मे १९९८, दुपारचे सव्वाबारा

नेदा,

हे पोस्टातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. तुझा फोन तीनदा लावला, कुणी उचलत नाही. खिडकीतली बाई म्हणते, लोक सणाला गावी गेले असतील. उद्या संत गेओर्गीचा सण, पोस्ट बंद. तार केली आहे. “नारिंगी गोळ्या ताबडतोब बंद. पांढरीसोबत विष. दवाखान्यात जा. स्तोयना.” तार वाचून ती बाई म्हणाली, विष हा शब्द नक्की ठेवायचा का? मी म्हटलं, ठेवा. तुमच्या खालच्या मजल्याच्या पत्त्यावरही तीच तार केली, ते कुत्रेवाले असतात घरी. ती बाई दर दहा मिनिटांनी फोन लावून बघते, तोवर लिहिते.

विधवेच्या पेन्शनसाठी मोठ्या दवाखान्यातून कागद हवा होता म्हणून आज आले. ज्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्तामेनला पांढऱ्या गोळ्या लावल्या होत्या, त्याच भेटल्या. तो गेला हे त्यांना माहीत नव्हतं. कसा गेला, विचारलं. नेदा, मी तुला खोटं लिहिलं. तो शांतपणे गेला नाही. तो रक्त ओकला, बादलीभर, आणि ते थांबेना. त्याआधी चार दिवस त्याला काळं शौचाला होत होतं आणि शेवटच्या दुपारपर्यंत त्यानं मला सांगितलं नव्हतं, लाजला असेल. कूम लाझार दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून होते आणि रुग्णवाहिका पोचलीच नाही. तुला का घाबरवायचं, म्हणून मी लिहिलं नाही.

त्यांनी विचारलं, या गोळीशिवाय आणखी काय घेत होते? मी सांगितलं. गुडघ्याची नारिंगी, दोन आठवडे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू सांगायला लागल्या, लहान मुलाला सांगावं तसं. ही एकटी चांगली, तीही एकटी चांगली. दोन्ही एका पोटात गेल्या की ती नारिंगी पोटाला आतून जखम करते, आणि पांढरीमुळे ते रक्त थांबत नाही. घरी जाताना आम्ही कागदावर लिहून दिलं होतं, म्हणाल्या, दुखण्यावरची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तो कागद पिठाच्या डब्यामागे आहे. मी तो कधी उघडलाच नाही. वाचायचं तर चष्मा लावून टेबलावर बसावं लागलं असतं, आणि टेबलावर नेमके कूम येऊन बसतील, ही भीती.

तर ते असं आहे. सकाळ-रात्र नारिंगी आणि संध्याकाळी पांढरी, दोन्ही मीच त्याच्या हातावर ठेवायची. तू लिहिलं होतंस, मूर्खासारखं डोक्यात घेऊ नकोस.

बाहेर येऊन बाकावर बसले. तुझं पत्र पिशवीत होतं, सकाळी पोस्टमननं दिलेलं, तसंच बंद. उघडलं. निळे डाग, हिरड्यांतून रक्त. मग तुझं मार्चमधलं पत्र आठवलं, तेही पिशवीत होतं. रोज संध्याकाळी एक छोटी पांढरी गोळी, असं तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी ते तीनदा वाचलं होतं. तीनदा वाचलं आणि तुला गोळ्या पाठवल्या, वर अक्रोड घालून.

माझा हात चालतोय, पण बोटं माझी वाटत नाहीत. समोर लोक तिकिटं विकत घेतायत. एक माणूस सणाचं कोकरू बांधून बाहेर उभा आहे.

फोन पुन्हा लागला, वाजतोय, कुणी घेत नाही. मी इथेच बसते आहे, पोस्ट बंद होईपर्यंत. घे गं फोन.

स्तोयना


बुर्गास,
२४ मे १९९८

अक्का,

जिवंत आहे. ते इलियानं तुला तारेनं कळवलंच. आज पहिल्यांदा बसून लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे.

तू फोन करत होतीस तेव्हा मी घरातच होते, न्हाणीघरात, खाली बसलेली. उठताच येईना. दोन दिवस मलाही तसंच काळं होत होतं. मलाही लाज वाटली. इलिया कोकरू आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा कुत्रेवाली बाई तार हातात घेऊन दारात उभी होती. “विष” वाचून त्याला वाटलं, मला कुणीतरी विष घातलं. तीच तार घेऊन तो दवाखान्यात ओरडत गेला. ते बरंच झालं, कारण तिथल्या डॉक्टरांनी ती वाचली आणि लगेच कळलं त्यांना काय करायचं. तीन बाटल्या रक्त चढवलं. कुणाचं कोण जाणे. इलिया म्हणतो, कुणा कम्युनिस्टाचं असणार, तू आता फारच शिस्तीत झोपतेस.

आता राग सांगते. फार राग आला होता. पडल्या पडल्या दुसरं काही सुचत नव्हतं. तो रक्त ओकून गेला एवढं तू पहिल्या पत्रात लिहिलं असतंस, तर हिरडीतून पहिला थेंब आला तेव्हाच मी हातातली गोळी टाकली असती. मी माझ्या गोळीचं लिहिलं ते तू वाचलं नाहीस. वाचलं नाहीस, अक्का. मी मरता मरता वाचले आणि तू सूपमध्ये पाणी घालायला विसरलीस म्हणून लिहितेस.

मग चौथ्या दिवशी राग माझ्यावर आला. मी तुला आधी तापाचं खोटं कळवलं. दवाखान्यात आहे असं पहिल्याच तारेत लिहिलं असतं, तर तू धडपडत आली असतीस, माझी पांढरी गोळी डोळ्यांनी बघितली असतीस. आणि इथल्या बाईंनाही मी सांगितलं नाही. स्तामेननं कूमपासून लपवलं तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं, मी लिहिलंही होतं तसं. म्हणून आता तुला शिव्या घालत नाही. तुझ्यात सध्या शिव्या घ्यायला जागाही नाही.

तू स्तामेनला मारलं नाहीस. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही, हे पत्र जपून ठेव आणि हवं तेव्हा काढून वाच. नारिंगी गोळी तू शोधून काढली नव्हतीस.

पण कूमना सांगितलंस का? आणि नसेल सांगितलं, तर सांग मला, तुमच्या गावात आणखी किती घरांत पिठाचे डबे आहेत? ती नारिंगी गोळी कूम सगळ्यांनाच देतात ना?

नेदा


सुहा चेश्मा,
९ सप्टेंबर १९९८

नेदा,

उन्हाळाभर तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तब्येतीचं विचारत राहिले, तू कळवत राहिलीस, आणि त्या प्रश्नाला आपण दोघींनी हात लावला नाही. आज उत्तर लिहिते.

कूमना सांगितलं नव्हतं. पूर्वीसारखेच दर रविवारी येत होते. मी राजमा करायची, ते जेवायचे, स्तामेनच्या खुर्चीकडे बघायचे आणि म्हणायचे, तो व्रण मला आधी कळायला हवा होता. मी त्यांना भाकरी वाढायची. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज सांगू. तोंड उघडायचं आणि आतून काहीच यायचं नाही. त्यांचे केस या सहा महिन्यांत पूर्ण पांढरे झाले. सांगितलं तर हा माणूस राहील का, असं वाटायचं. आणि न सांगता दर सोमवारी दवाखान्याबाहेर रांग बघायची, गुडघे धरून बसलेली. अर्धं गाव शहरातल्या डॉक्टरांकडे चोरून जातं हे मला ठाऊक होतं. बाजाराच्या बसमध्ये आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता बसायचो.

दोन तारखेला सहा महिने झाले. सहा महिन्यांचं शोकपत्रक काढायचं असतं. छापखान्यात मुलगी म्हणाली, नेहमीचाच मजकूर ना, “तुझ्याविना सहा महिने, आठवण सदैव”? मी म्हटलं, नाही, मी सांगते तसं लिही. तिनं लिहिता लिहिता दोनदा माझ्याकडे बघितलं. ते असं आहे:

“सहा महिने झाले. स्तामेन, वय एकसष्ट. हृदयासाठी तो शहरातली पांढरी गोळी घ्यायचा आणि गुडघ्यासाठी इथली नारिंगी. एका डॉक्टरला दुसऱ्याच्या गोळीचं माहीत नव्हतं. दोन्हींमुळे त्याचं रक्त थांबलं नाही. ज्याच्या घरी या दोन्ही आहेत, त्याने माझ्याकडे यावं. बायको, स्तोयना.”

खाली दोन्ही गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत. या वेळी फोटो बदलला. तुमच्याबरोबरचा, द्राक्षांच्या टोपलीमागे हसणारा.

फाटकावर लावलं, चर्चवर, अक्रोडाला. दवाखान्याच्या दारावर शेवटी लावलं.

दुपारी कूम आले. दारावरचं पत्रक काढून हातात घेऊन आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“त्यानं मला सांगायला हवं होतं,” म्हणाले.

“हो. आणि तुम्ही विचारायला हवं होतं.”

छत्तीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी हातातलं पत्रक पुन्हा वाचलं. मग विचारलं, तुला कधी कळलं. मी म्हटलं, मे महिन्यात.

“मे महिन्यापासून तू मला जेवू घालतेस,” ते म्हणाले, आणि पत्रक घेऊन निघून गेले. मी फाटकापर्यंतही गेले नाही. गेनाआजी कुंपणावरून म्हणाली, झालं, आता कूम तुटला. मी म्हटलं, तुटला असेल. मला काही वाटलं नाही. तू म्हणशील आता तरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

रात्रभर पडून राहिले. सकाळी पाव आणायला निघाले तर दवाखान्यासमोर माणसं. मला वाटलं, कुणी गेलं. जवळ जाऊन बघितलं तर स्तामेनचं पत्रक पुन्हा दारावर होतं, चारही कोपऱ्यांना खिळे मारलेले. त्याखाली कूमच्या अक्षरात, त्या जुन्या निळ्या शाईत लिहिलं होतं: “घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. शहरातल्याही. मी रागावणार नाही. लाझार.”

आत ते टेबलावर बसले होते, चष्मा लावून, समोर कोरी वही. घंटेवाला, शाळेतल्या बाई, मेंढपाळ स्तामेनचा कोट घालून, सगळे पिशव्या घेऊन उभे होते आणि पहिल्यांदाच एकमेकांच्या पिशव्यांकडे बघत होते. अकरा जण होते. त्यातल्या तिघांकडे दोन्ही निघाल्या. तिसरी गेनाआजी. पांढऱ्या गोळ्या शहरातून आणते हे तिनं मलासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं, आणि रोज माझ्या कुंपणाशी उभी असते.

मी त्या कागदासमोर उभी होते. मी रागावणार नाही, एवढंच परत परत वाचत होते. स्तामेनला हे वाचायला मिळालं असतं तर तो त्याच दिवशी पाकीट घेऊन आला असता, बूट न घालता आला असता. तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. थांबेना. मनगटातली मार्तेनित्सा भिजून मळकट झाली, तरी थांबेना.

गेनाआजीनं पाणी आणून दिलं.

स्तोयना